दूरदेशीची लेकरे, मायदेशीची विद्या

जुलै महिना उजाडला की मुंबईच्या विमानतळावर आखातातून येणाऱ्या पहाटेच्या विमानांत एक निराळा प्रवासी दिसू लागतो. वय सतरा-अठरा, हातात प्रवेशाच्या कागदपत्रांची फाईल, सोबत आई किंवा वडील आणि दोन जड बॅगा. एका बॅगेत कपडे व पुस्तके; दुसरीत खाकरे, चिवडा, मेथीचे लाडू आणि आईने लहान लहान पुड्या बांधून दिलेले मसाले. दुबईहून किंवा मस्कतहून भारतात येताना खाकरे बरोबर आणावेत, हे ऐकून कुणालाही हसू येईल. त्या आईला मात्र हसू येत नाही. तिच्या लेखी लेकरू परमुलखात निघालेले असते. आईवडील ज्या भूमीला ‘आपले गाव’ म्हणतात, ती या मुलाने आजवर उन्हाळ्याच्या सुट्टीत, लग्नकार्यांत आणि आजीच्या अंगणातच पाहिलेली असते. आता तिथे त्याला चार-पाच वर्षे एकट्याने काढायची असतात.

व्यापार-व्यवसायानिमित्त परदेशी स्थिरावलेल्या घरांत मूल दहावीला पोहोचले की एक वाक्य हमखास कानी पडते : “कॉलेज देशात केलेले बरे, तिकडे स्वस्त पडते.” वाक्य खरे आहे. परंतु पिढ्यान् पिढ्या रोजमेळ लिहीत आलेल्या समाजाला हे सांगायला नको की, एकाच बाजूची नोंद पाहून खाते पुरे होत नाही. या निर्णयात वाचते काय, खर्ची पडते काय, आणि जे खर्ची पडते त्याची भरपाई कोण करू शकतो, याचा संपूर्ण जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे.

बारावीशी संपणारा रस्ता

आखाती देशांत भारतीय मुलांना शाळेची वाण नाही. दुबईचे इंडियन हायस्कूल १९६१ सालचे, तर मस्कतचे इंडियन स्कूल १९७५ सालचे. त्यांच्यामागून शेकडो शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांतील बहुसंख्य शाळांत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचाच अभ्यासक्रम शिकवला जातो. एकट्या संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांची मुले तिथेच वाढतात, तिथेच बारावी होतात.

त्यापुढे मात्र रस्ता अरुंद होतो. तेथील शासकीय विद्यापीठांत पहिला मान स्थानिक नागरिकांचा, आणि भारतीय कुटुंब दोन पिढ्या तिथे राहिले तरी सहसा निवासी परवान्यावरच राहते. खासगी विद्यापीठे आहेत आणि त्यांत भारतीय संस्थाही आहेत. बिट्स पिलानीचे दुबईतील संकुल २००० साली सुरू झाले. दिल्लीच्या आयआयटीने २०२४ साली अबुधाबीत पदवीचे वर्ग सुरू केले. प्रश्न उरतो तो फीचा. दुबईतील खासगी विद्यापीठात अभियांत्रिकीची वर्षाची फी ५०,००० दिरहम धरली आणि दिरहमचा भाव २३ रुपये धरला, तर वर्षाला साडेअकरा लाख आणि चार वर्षांचे ४६ लाख रुपये होतात. ब्रिटन-अमेरिकेत तर एका वर्षाची फीच अनेकदा २० लाखांच्या पुढे जाते. दुकान भाड्याचे, घर भाड्याचे, धाकट्या भावंडाच्या शाळेची फी निराळी, अशा मध्यम व्यापाऱ्याला हा भार पेलणे सोपे नाही.

याला आणखी एक कारण आहे आणि ते पैशात मोजता येत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना जॉर्डनमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. वर्षानुवर्षांची दुकाने, गोदामे, घरे एका रात्रीत मागे राहिली. मुलांची शाळेची वर्षे मध्येच तुटली. त्यानंतर तीस वर्षांनी, २०२० च्या महामारीत, ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानांची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना त्याच अनिश्चिततेची आठवण झाली. आखातातील घर कितीही सजवले तरी ते मुदतीचे आहे, ही जाणीव तिथल्या प्रत्येक कर्त्या माणसाच्या मनात कुठेतरी असते. म्हणून मुलाचा एक धागा मायदेशी बांधून ठेवावा, असे त्याला वाटते. स्वस्त शिक्षण हे सांगण्याचे कारण. हा धागा हे मनातले कारण.

दारे कोणती, किल्ल्या कोणत्या

मायदेशी येणाऱ्या या मुलांसाठी काही दारे खास ठेवलेली आहेत. त्यांची नीट माहिती नसल्यामुळे अनेक पालक दलालांच्या हाती सापडतात आणि जे शिक्षण स्वस्त म्हणून निवडले तेच महाग करून बसतात.

पहिले दार ‘दासा’ योजनेचे. केंद्र शासनाने २००१-०२ पासून परदेशी शिकलेल्या विद्यार्थ्यांना एनआयटी व तत्सम संस्थांत थेट प्रवेश देण्यासाठी ही योजना आखली. नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था, म्हणजे व्हीएनआयटी, तीत सहभागी आहे. पूर्वी हे प्रवेश अमेरिकी ‘सॅट’ परीक्षेच्या गुणांवर होत; आता जेईई मेनचा क्रमांक लागतो. या योजनेतील शिकवणी फी वर्षाला ८,००० डॉलर, म्हणजे वरच्याच भावाने चार वर्षांचे सुमारे २७ लाख रुपये. दुबईपेक्षा कमी, पण ज्याला समाजात ‘स्वस्त’ म्हणतात तितके ते कमी नाही. शिवाय फी डॉलरमध्ये असल्याने रुपया घसरला तरी पालकाला त्याचा लाभ मिळत नाही.

खरी सवलत आहे ती याच योजनेतील आखाती कामगारांच्या मुलांसाठी राखलेल्या जागांत. ‘सीआयडब्ल्यूजी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या गटातील विद्यार्थी देशातील विद्यार्थ्यांइतकीच फी भरतो. एनआयटीत ती वर्षाला सुमारे सव्वा लाख, म्हणजे चार वर्षांचे पाच लाख रुपये. २७ लाख आणि पाच लाख, एकाच वर्गातील दोन बाकांमधला हा फरक आहे. मात्र या जागेसाठी विद्यार्थ्याने अकरावी व बारावी आखाती देशातच उत्तीर्ण केलेली असावी लागते. “शिकवणी चांगली मिळेल” म्हणून दहावीनंतर मुलाला पुण्यात किंवा कोटा येथे आणून ठेवणारे पालक या किल्लीवर आपल्या हातानेच पाणी सोडतात.

दुसरे दार सर्वांसाठी खुले असलेलेच आहे. परदेशात राहणारा परंतु भारतीय पारपत्र बाळगणारा विद्यार्थी जेईईच्या सामायिक प्रवेशफेरीत इतरांसारखाच भाग घेऊ शकतो. एनआयटीतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि बारावी परदेशात झाली असेल तर विद्यार्थ्याचे गृहराज्य त्याच्या पारपत्रावरील भारतातील कायम पत्त्यावरून ठरते. सांगलीचे कुटुंब व्यवसायानिमित्त काही वर्षे बंगळुरूला राहून पुढे मस्कतला गेले आणि पारपत्रावर बंगळुरूचा पत्ता राहिला, तर मुलाचे गृहराज्य कर्नाटक ठरते. एवढ्याशा ओळीवर नागपूरची जागा हुकू शकते. पारपत्राचे नूतनीकरण करताना ही ओळ वाचायला दोन मिनिटे पुरतात.

वैद्यकीय शिक्षणाची वाट अधिक खडतर आहे. नीट परीक्षा अनिवासी विद्यार्थ्यांनाही अनिवार्य. महाराष्ट्रातील राज्य कोट्यातून एमबीबीएसची जागा हवी असेल तर अधिवासाबरोबर दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण असणे साधारणपणे आवश्यक असते. म्हणजे दहावी दुबईत आणि बारावी पुण्यात, असे शिकलेले मूल ना इकडचे राहते ना तिकडचे. मग उरतो तो खासगी महाविद्यालयांतील अनिवासी भारतीयांचा कोटा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली इनामदार खटल्यात त्याची मर्यादा १५ टक्के ठरवली. त्याची फी सामान्य फीच्या अनेक पटींनी जास्त असते. तेथे स्वस्ताईची भाषाच संपते.

या कोट्याबाबत समाजाने एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. कोटा आहे अनिवासी भारतीयांच्या मुलांसाठी. पण दुबईच्या मामाचे पत्र जोडून देशातच वाढलेल्या भाच्याला त्यातून बसवण्याचे प्रकार सर्वत्र होत आले आहेत. पंजाब शासनाने दूरच्या नातेवाइकांनाही या कोट्यात आणू पाहिले, तेव्हा उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला फसवणूक म्हणून उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राखला. सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते पाठशाळेत पाठ करून घेणाऱ्या घरात मुलाच्या विद्येचा पहिलाच कागद खोटा असू नये, एवढे म्हणणे पुरे आहे.

ज्यांनी परदेशी नागरिकत्व स्वीकारले आहे आणि ज्यांच्याकडे ‘ओसीआय’ कार्ड आहे, त्यांच्यासाठी नियम निराळे. ४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा विद्यार्थ्यांना केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर दावा करता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांना त्या तारखेपूर्वी कार्ड मिळाले होते त्यांना ही अट लागू नाही, असा निर्णय दिला. म्हणजे दोन भावंडांपैकी थोरल्याला एक नियम आणि धाकट्याला दुसरा, असे होऊ शकते.

या साऱ्या गर्दीत व्यापारी घरांना सर्वांत सोयीचे दार अनेकदा दुर्लक्षित राहते, ते वाणिज्य शाखेचे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ चे, पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. अशा जुन्या महाविद्यालयांतील बी. कॉम.ची फी आणि दुबईतील फी यांची तुलनाच होऊ शकत नाही. तिच्या जोडीला सनदी लेखापालाचा, म्हणजे सी. ए.चा अभ्यास करता येतो. त्याची परीक्षा दुबई, अबुधाबी, मस्कत, दोहा, बहारीन, कुवेत येथील केंद्रांवरही देता येते आणि २०२३ च्या नव्या रचनेत उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. पुढे वडिलांची पेढी सांभाळायची असो वा स्वतःची नवी उभी करायची असो, ही विद्या कमी खर्चात मिळते आणि जन्मभर उपयोगी पडते.

वहीत न उतरणारा खर्च

फीचा आकडा कळला म्हणजे हिशेब झाला, असे वाटते. पण काही रकमा वहीत उतरतच नाहीत.

पहिली रक्कम प्रवासाची. अमिरातीचा निवासी परवाना असलेली व्यक्ती सलग १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिली तर परवाना सामान्यतः बाद होतो. म्हणून पुण्यात शिकणारे मूल दर सहामाहीत एकदा तरी दुबईत पाऊल टाकून येते. परीक्षा नोव्हेंबरमध्ये लांबली, निकाल रेंगाळला, पुढचे सत्र लगेच सुरू झाले, तरी ते विमान चुकवून चालत नाही. २०२२ पासून अविवाहित मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत वडिलांच्या परवान्यावर ठेवता येते. पूर्वी ही मर्यादा १८ होती. सवलत मोठी आहे. पण २५ नंतर काय, हा प्रश्न पदवीबरोबरच घरात येतो.

दुसरी रक्कम कागदांची. इथली पदवी घेऊन तिकडे नोकरी किंवा व्यवसाय करायचा तर तिच्यावर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास असे एकामागून एक शिक्के लागतात. विद्यापीठाकडून मूळ पदवी प्रमाणपत्र मिळायला वेळ लागला की हे सारे अडते. ज्यांनी ब्रिटिश किंवा आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेत शिक्षण घेतले, त्यांना प्रवेशापूर्वीच भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षता प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळण्यासाठी विषयांची निवड अकरावीच्या आरंभीच योग्य झालेली असावी लागते.

तिसरी रक्कम सर्वांत मोठी. ती मूल भरते आणि बहुधा घरी सांगत नाही.

वर्गात त्याला ‘एनआरआय’ म्हणतात. त्याच्याकडे पैसा आहे असे गृहीत धरले जाते. वर्गणी, पार्टी, उसनवारी यांत त्याचे नाव आधी घेतले जाते. वडिलांनी तीन महिन्यांचा हप्ता कसा जुळवला, हे त्याला कुणाला सांगता येत नाही. आजीशी तो मराठी बोलतो. पण विद्यापीठाच्या खिडकीवरचा मराठी अर्ज त्याला अडखळत वाचावा लागतो. रिक्षाचे भाडे, पावसाळ्यातली सर्दी, बँकेतली रांग, घरमालकाचे करार हे सारे त्याच्या वर्गमित्रांनी नकळत शिकलेले असते. त्याला ते अठराव्या वर्षी एकदम शिकावे लागते. तिकडे तो ‘इंडियन’ होता. इकडे आल्यावर तो ‘दुबईवाला’ होतो.

जैन घरातील मुलाला यात आणखी एक गाठ सोडवावी लागते. महाविद्यालयाच्या खानावळीत रात्रीचे जेवण आठला सुरू होते. प्रयोगशाळा सहाला सुटते. सूर्यास्त त्यापूर्वीच झालेला असतो. कांदा-लसणाविना एक भाजी मिळावी म्हणून रोज वाढप्याशी बोलावे लागते, आणि रोज बोलण्याचा कंटाळा आला की एके दिवशी माणूस बोलणे थांबवतो. आठ-दहा वर्षे वाळवंटात राहूनही ज्या घराने रात्रिभोजनत्याग सांभाळला, त्या घरातील मुलाचा नियम तीर्थभूमीत येऊन सुटावा, यातली वेदना आईवडिलांना फोनवर ऐकू येत नाही. मूल “जेवलो” म्हणते. काय आणि केव्हा, ते सांगत नाही.

योगायोग असा की प्रवेशाचे सोपस्कार संपून वर्ग सुरू होतात ते श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास. घरापासून दूरचे पहिले पर्युषण, पहिले दशलक्षण पर्व आणि महाविद्यालयातली पहिली चाचणी एकाच पंधरवड्यात येतात. त्या दिवसांत त्याला कुणी “आज पारणे आमच्याकडे” म्हटले की नाही, यावर पुष्कळ काही ठरते.

वाडवडिलांनी ओळखलेली गरज

ही गरज नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातला जैन मुलगा शहरात शिकायला निघाला तेव्हा त्याच्यापुढेही हेच प्रश्न होते : राहावे कुठे, शुद्ध अन्न मिळेल कुठे, आजारी पडलो तर पाहील कोण? त्या काळच्या धुरीणांनी त्याचे उत्तर दिले, ते बोर्डिंगच्या रूपाने.

दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. पुढे ती दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ साली दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. आण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखा विद्वान त्याच्या पाठीशी होता. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली आणि पुण्यासह अनेक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. माणिकचंद सेठांच्या कन्या मगनबेन यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला आणि सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी मुलींच्या शिक्षणाला आयुष्य वाहिले. मुलीने घराबाहेर राहून शिकावे, हे उच्चारणेही अवघड होते त्या काळात.

या बोर्डिंगांनी काय घडवले याचे एक उदाहरण पुरे आहे. कुंभोजचा भाऊराव पाटील हा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिला. तिथल्या नियमांशी त्याचे जमले नाही आणि त्याला ते सोडावे लागले; पण विद्यार्थ्याला छप्पर आणि भाकरी मिळाली तर काय होऊ शकते, हे तो तिथे शिकला. १९१९ साली त्याने रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे वसतिगृह उभे केले. कर्मवीरांच्या त्या कार्यातून खेडोपाडी शाळा निघाल्या.

परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याची व्यथा ओळखणारी आणखी एक घटना पुण्यातलीच आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी वसतिगृहाच्या खिडकीतून एका आजारी मुलाला जेवण देणारी मुलगी पाहिली. चौकशी केली तेव्हा कळले की मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली, आणि परक्या देशात त्याच्याकडे पाहणारे कुणी नव्हते. या अस्वस्थतेतून १९७१ साली सिंबायोसिसचा जन्म झाला. आधी आली ती आजारी परदेशी मुलाची काळजी; विद्यापीठ नंतर आले.

चार दाने, एक विद्यार्थी

आपल्या परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. परगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला नेमके हेच चार हवे असतात. ज्ञान महाविद्यालय देईल. त्यासाठीच फी भरलेली असते. उरलेली तीन फीच्या पावतीवर नसतात. ती समाजानेच द्यायची असतात.

आहाराची सोय सर्वांत सोपी. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सांगली, नागपूर या शहरांत मंदिरे, स्थानके, धर्मशाळा, भोजनशाळा आहेत. सायंकाळी साडेपाचला महाविद्यालयाच्या दाराशी पोहोचणारा डबा ही कुणाही महिला मंडळाला चालवता येईल अशी योजना आहे. विद्यार्थ्याने तिचे पैसे द्यावेत. ज्याची ऐपत आहे त्याला फुकट देणे म्हणजे त्याचा मान कमी करणे होय. त्याला हवी आहे ती वेळ आणि विश्वास.

औषधाची सोय म्हणजे एक दूरध्वनी. मुलगा तापाने फणफणला तर रात्री दोन वाजता दुबईची आई विमानात बसू शकत नाही. पण शहरातील एक घर दार उघडू शकते. महाविद्यालयाच्या अर्जात ‘स्थानिक पालक’ असा रकाना असतो. बहुतेक वेळा तिथे दूरच्या नात्यातील नाव लिहिले जाते आणि ते नाव वर्षभर त्या कागदावरच राहते. प्रत्येक शहरातील संघाने पाच-दहा कुटुंबांची यादी केली, प्रत्येकाने दोन विद्यार्थ्यांचे पालकत्व मनापासून स्वीकारले आणि महिन्यातून एका रविवारी त्यांना जेवायला बोलावले, तर तो रकाना खरा होईल. यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. एक पान अधिक वाढावे लागते.

अभयाचा अर्थ अधिक सूक्ष्म आहे. घसरलेल्या मुलाला परत येण्याची वाट मोकळी आहे, हे त्याला माहीत असणे म्हणजे अभय. विषय राहिला, नियम सुटला, संगत बिघडली, तर ‘समाजात कळेल’ या भीतीने मुले अधिक दूर जातात. ज्या घरात रविवारी जेवायला जायचे तिथे प्रश्न विचारले जाणार नाहीत, आधी ताट वाढले जाईल, याची खात्री असली तर मूल आपण होऊन बोलते. मुलींच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. ‘मुलीला इतक्या दूर कशाला’ या एका वाक्याने अनेक हुशार मुलींची पदवी अजूनही घराजवळच्या मिळेल त्या अभ्यासक्रमावर थांबते. मुलगा पुण्याला जातो, मुलगी तिथेच काहीतरी करते. सुरक्षित वसतिगृह आणि विश्वासाचे एक घर मिळाले तर हा भेद टिकण्याचे कारण उरत नाही.

परदेशातील पालकांकडेही काही कर्तव्ये येतात. निर्णय बारावीच्या निकालानंतर घेण्याचा नाही. तो नववीतच घ्यावा, कारण शाळा, विषय, पारपत्राचा पत्ता, अकरावी-बारावीचे स्थान ही सारी गणिते तिथूनच सुरू होतात. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत पुस्तिका स्वतः वाचावी. मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाला जे लागू होते ते आपल्याला लागू असेलच असे नाही. संस्था निवडताना तिला शासनमान्यता आहे ना, हे पाहावे. मुलाला घरात देवनागरी वाचायला शिकवावे, एखादी सुट्टी पर्यटनाऐवजी ज्या शहरात शिकायचे त्या शहरात काढावी, बसने फिरवावे, बँकेत खाते त्यानेच उघडावे. आणि वाचलेल्या रकमेतला काही भाग आईच्या वर्षातून दोन फेऱ्यांसाठी आधीच बाजूला ठेवावा. ती चैन नव्हे. ती याच शिक्षणाच्या खर्चातली बाब आहे.

ज्या घरांना शिक्षणाचा भार खरोखर पेलत नाही, त्यांच्यासाठी महावीर जैन विद्यालयासारख्या संस्थांनी एक जुना धडा घालून दिला आहे. गरजू विद्यार्थ्याला मदत द्यावी ती कर्ज म्हणून. कमावता झाला की त्याने ती परत करावी, म्हणजे पुढच्या मुलाला तीच रक्कम मिळेल. व्यापारी समाजाला भांडवल फिरते ठेवण्याची ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या बोर्डिंगात खेड्यातून पायी आलेला मुलगा आणि आज दुबईहून विमानाने उतरलेला मुलगा यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य नाही. एकाच्या गाठोड्यात भाकरी होती, दुसऱ्याच्या बॅगेत खाकरे आहेत. पण दोघांच्याही आईने शिदोरी बांधताना एकच विचार केला : हे संपल्यावर याला कोण वाढेल?

खाकरे पंधरा दिवसांत संपतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत संवत्सरी येते. संध्याकाळी मुलगा दुबईला फोन लावतो, “मिच्छामि दुक्कडम्” म्हणतो आणि आई नेहमीचा प्रश्न विचारते, “जेवलास का?” त्या प्रश्नाला त्याला खरे उत्तर देता यावे, एवढी सोय आपल्या शहरांनी केली, तर मायदेशीची विद्या खऱ्या अर्थाने परवडली असे म्हणता येईल.